गोळ्या चालू, हिमोग्लोबिन मात्र जागच्या जागी: गरोदरपणातील एका प्रकरणाचा अभ्यास

चोविसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.१. लोहाची गोळी दहाव्या आठवड्यापासून चालू, विसाव्यापासून दिवसाला दोन. एवढे करून आकडा वर जायचा सोडून दीड ग्रॅमने खाली आलेला. अशा वेळी तीन उत्तरे तयारच असतात. "गरोदरपणात रक्त पातळ होतंच." "गोळ्या नीट घेत नसणार." आणि "आता सलाइनमधूनच देऊन टाकू." या प्रकरणात पहिले उत्तर चुकीचे निघाले, दुसरे अर्धे खरे होते आणि तिसरे घाईचे ठरले असते. गोळी लिहून देणे आणि लोह रक्तात उतरणे यांच्यामध्ये बरेच टप्पे असतात. इथे त्यातले चार निसटले होते आणि पाचवा नंतर निसटला.

इथली गर्भवती म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. तपासणीच्या खोलीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकाच प्रकरणात बसवल्या आहेत.

सुरुवातीची शिल्लक

वय २७, दुसरे गरोदरपण, त्याआधीचे वजन ५२ किलो. पहिल्या तपासणीला आल्या तेव्हा पहिले मूल १३ महिन्यांचे होते. म्हणजे त्या प्रसूतीनंतर वर्षही उलटले नव्हते तोच पुन्हा दिवस गेले. पहिल्या प्रसूतीत सुमारे ९०० मिलिलिटर रक्त गेले होते. रक्त चढवायची वेळ आली नाही, म्हणून ती गोष्ट कागदावर एका ओळीत उरकली गेली. लोहाच्या गोळ्या दोन आठवडे घेतल्या, मग तान्ह्या बाळाच्या धावपळीत त्या सुटल्या.

त्या एका ओळीचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. हिमोग्लोबिनच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. रक्तात डेसिलिटरमागे ११ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर ९०० मिलिलिटर रक्ताबरोबर ३३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह गेले. अनेक स्त्रियांच्या शरीरात लोहाचा सगळा साठाच जेमतेम ३०० मिलिग्रॅमचा असतो. दुसरीकडे, एका गरोदरपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते: ३०० बाळ आणि वार यांना, ५०० आईच्या वाढत्या तांबड्या पेशींना, आणि उरलेले रोजच्या सावकाश झिजेत जाते. थोडक्यात, दुसरे गरोदरपण सुरू झाले तेव्हा कोठार रिकामे होते. जागतिक आरोग्य संघटना एका प्रसूतीनंतर पुन्हा गर्भधारणेचा प्रयत्न करण्याआधी किमान २४ महिने जाऊ देण्याचा सल्ला देते. त्यामागच्या कारणांत हे कोठार भरण्याचेही एक कारण आहे.

दहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.६ आले. पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत ११ च्या खाली आणि दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली आकडा असला की त्याला रक्तक्षय म्हणतात. त्यामुळे रक्तक्षय पहिल्या दिवसापासूनच होता. त्याच नमुन्यात फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, तपासला असता तर पुढचे निम्मे प्रकरण घडलेच नसते. "थोडं कमी आहे, गोळी चालू करू" असे म्हणून रोज एक गोळी सुरू झाली. गोळी फेरस सल्फेटची, वाळवलेल्या क्षाराच्या वजनाने २०० मिलिग्रॅम, प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम. चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमही आले.

विसाव्या आठवड्यात ९.४. गोळ्या दोन झाल्या. चोविसाव्यात ९.१.

रक्त पातळ होते, पण पेशी लहान होत नाहीत

गरोदरपणात रक्तातला द्रव भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्क्यांनीच. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरतो हे खरे आहे, आणि दुसऱ्या तिमाहीसाठी मर्यादा १०.५ ठेवली आहे ती त्याचसाठी. म्हणजे पातळपणाची सूट त्या मर्यादेत आधीच धरलेली आहे. ९.४ ला तीच सूट पुन्हा देता येत नाही.

याहून पक्का पुरावा त्याच अहवालात, दोन ओळी खाली, होता. रसात पाणी घातले की रस फिका होतो, त्यातले दाणे लहान होत नाहीत. पेशीच्या सरासरी आकाराचा आकडा, एमसीव्ही, निरोगी गरोदरपणात तसाच राहतो किंवा किंचित वाढतो. इथे तो दहाव्या आठवड्यात ८१, विसाव्यात ७७ आणि चोविसाव्यात ७४ होता. ८० च्या खाली पेशी लहान मानतात. तिन्ही अहवाल एकाच फाइलमध्ये होते. प्रत्येकाची पहिली ओळ वाचली गेली, बाकीच्या कुणी पाहिल्याच नाहीत. हिमोग्लोबिन एकट्याने वाचायची ही सवय महागात पडते. अहवाल हाती आला की निदान एमसीव्हीपर्यंत तरी नजर जावी, आणि मागचा अहवाल शेजारी ठेवावा.

लहान पेशींची मोठी कारणे दोन: लोहाची कमतरता आणि थॅलेसिमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणे. दुसऱ्या स्थितीत गोळ्यांनी पेशींचा आकार सुधारत नाही. शिवाय बाळाचे वडीलही वाहक असतील तर बाळाला तीव्र आजाराचा धोका असतो, त्यामुळे ही शंका लवकर फेडावी लागते. पहिला अंदाज साध्या भागाकाराने येतो. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागायचे. उत्तर १३ च्या खाली आले तर कल थॅलेसिमियाकडे, वर आले तर लोहाच्या कमतरतेकडे. इथे पेशी ३.७ दशलक्ष होत्या, म्हणजे ७४ भागिले ३.७ बरोबर २०. हा केवळ अंदाज असतो, म्हणून हिमोग्लोबिन ए-टू या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचे प्रमाण तपासले. ते २.६ टक्के आले. वाहकांमध्ये हा आकडा बहुधा ३.५ च्या वर असतो. लोहाची मोठी कमतरता तो आकडा थोडा खाली ओढू शकते, त्यामुळे उत्तर सीमेवर आले असते तर लोह भरून काढल्यावर पुन्हा तपासावे लागले असते. इथे तशी गरज नव्हती.

फेरिटिन ७ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आले. गरोदरपणात ३० च्या खाली साठा अपुरा धरतात आणि १५ च्या खाली तर तो संपलेलाच असतो. शरीरात कुठे संसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन फसवे वर जाते, म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, तपासले. ते सामान्य होते. शौचाच्या तपासणीत जंत नव्हते, बी-१२ पुरेसे होते. निदानात आता शंका उरली नाही. प्रश्न एवढाच होता की पंधरा आठवडे घेतलेले लोह गेले कुठे.

तक्रारींकडे पाहिले तर त्याही हेच सांगत होत्या. दोन जिने चढल्यावर धाप, दिवसभर गळून गेल्यासारखे वाटणे, रात्री अंथरुणावर पाय सतत हलवावेसे वाटणे. आणि बर्फ. दिवसातून दोन-तीन वेळा बर्फाचे खडे चावायची अनावर इच्छा. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण ती खोड वाटते, आजार वाटत नाही. बर्फ, माती, खडू, कच्चा तांदूळ अशा गोष्टी खाव्याशा वाटणे ही लोहाच्या कमतरतेची जुनी खूण आहे.

घड्याळ लावून विचारलेला प्रश्न

"गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला उत्तर एकच येते: "हो." ते खोटे नसते, पण त्यातून काही कळतही नाही. पंचविसाव्या आठवड्यात प्रश्न बदलला: "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय-काय गेलं, वेळेसकट सांगा. पाणी, चहा, औषध, सगळं." आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर आणायला सांगितली.

पाकिटांचा हिशेब असा. मागच्या २८ दिवसांत ५६ गोळ्या लागायच्या होत्या, २३ शिल्लक होत्या. म्हणजे ३३ पोटात गेल्या. त्यांतल्या २१ सकाळच्या आणि १२ रात्रीच्या.

सकाळची गोळी आधी उपाशीपोटी घेत होत्या, पण मळमळायचे. म्हणून ती नाश्त्याबरोबर आली आणि नाश्त्याबरोबर चहा होता. चहातली टॅनिन्स लोहाला आतड्यातच बांधून टाकतात. खाण्याबरोबरच्या चहाने वनस्पतिजन्य लोहाचे शोषण निम्म्याहून खाली येऊ शकते. कॉफीही त्याच वाटेने जाते. नाश्त्यातल्या धान्यांमधली फायटेट्स आणि दूध यांनी आणखी भर घातली.

रात्रीची गोळी जेवणानंतर, कॅल्शियमच्या गोळीसोबत. का, तर "सगळ्या एकदम घेतल्या की विसरत नाही." विचार चुकीचा म्हणता येणार नाही, पण कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी आतड्यात आले की लोह मागे पडते. वर छातीत जळजळ होते म्हणून आम्लता कमी करणारे औषध. लोह विरघळलेले राहायला जठरातले आम्ल लागते. तेच मारले की गोळी नुसती पुढे सरकते.

राहिल्या न घेतलेल्या २३ गोळ्या. बद्धकोष्ठता. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्याची हालचाल आधीच मंदावते, त्यात न शोषलेले लोह मोठ्या आतड्यात पडून राहते. चार दिवस शौचाला खडा झाला की त्या तीन दिवस गोळी बंद ठेवत. विसाव्या आठवड्यानंतर हे वाढले, आणि वाढणारच होते. तेव्हा डोस दुप्पट झाला होता, शोषण मात्र झाले नव्हते, त्यामुळे आतड्यात उरणारे लोह तेवढे वाढले.

दुसऱ्या गोळीबद्दल आणखी एक मुद्दा. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि आतड्याचे दार साधारण २४ तास अर्धवट लोटून घेते. सकाळी एक आणि रात्री एक घेतली तर रात्रीची गोळी त्या लोटलेल्या दारावर येते. साठा रिकामा असेल तर दार पूर्ण बंद होत नाही आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात हेप्सिडिन मुळातच खाली असते. तरीही दोन गोळ्यांनी लोह दुप्पट मिळते हे गणित कागदावरच राहते. त्रास मात्र दुप्पट होतो.

आणि एक दिशाभूल. शौच काळे होत होते. त्यावरून गोळ्या "लागू पडत आहेत" असे धरले गेले. काळे शौच एवढेच सांगते की लोह आतड्यात पोहोचले आहे. फार तर, रक्तात न जाता बाहेर पडणाऱ्या लोहाची ती पावती आहे. (डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे काळे शौच ही वेगळी गोष्ट. तो पोटातला रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दाखवावे.)

गोळी तीच, वेळ वेगळी

पंचविसाव्या आठवड्यात औषध बदलले नाही. उलट दोन गोळ्यांची एक केली. दोन गोळ्यांनीही ज्यांचा आकडा वाढला नाही त्यांना एकच देणे विचित्र वाटते, म्हणून कारण समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होता. उपचारासाठी दिवसाला ४० ते ८० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह एकाच वेळी, ही ब्रिटनमधली पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रक्तक्षय असताना १२० ची आहे. इथे अडचण डोसची नव्हती, शोषणाची आणि सोसण्याची होती. म्हणून ६५ वर थांबणे योग्य वाटले.

त्यांच्या दिवसात मोकळी जागा शोधली ती नाश्ता आणि दुपारचे जेवण यांच्यामध्ये. आठला नाश्ता आणि चहा, साडेदहाला लोहाची गोळी, एकला जेवण. गोळी पाण्याबरोबर आणि सोबत संत्र्यासारखे आंबट फळ किंवा त्याचा रस, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात ठेवते. गोळीच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी नाही, दूधही नाही. चहा सोडायला सांगितले नाही. सोडायला सांगितलेला चहा बहुधा चोरून घेतला जातो, आणि तो नेमका गोळीजवळच येतो. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एक दुपारच्या जेवणाबरोबर, एक रात्रीच्या. जळजळीचे औषध फक्त रात्रीच्या जेवणानंतर, तेही लागले तरच. त्याआधी जेवण थोडे-थोडे घेणे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे न होणे आणि उशाकडची बाजू उंच करणे. जठरातले आम्ल दिवसभर दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र नुसती वेळ बदलून भागत नाही. त्या लागतात का, हेच डॉक्टरांबरोबर ठरवावे लागते.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी इथे थांबावे. लोह आणि कॅल्शियम दोन्ही लेव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतात. त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे, नाहीतर लोह सावरता सावरता थायरॉइड बिघडते. या प्रकरणात ती गोळी नव्हती.

बद्धकोष्ठतेसाठी वाट न पाहता पहिल्याच दिवसापासून इसबगोल सुरू केले: रात्री, ग्लासभर पाण्यात, आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलेले इसबगोल आतड्यात गोळा होऊन बसते आणि त्रास वाढवते. त्याने भागले नाही तर लॅक्ट्युलोज हे शौच मऊ करणारे औषध, जे गरोदरपणात चालते. मळमळ परत आली तर दोन घास खाऊन गोळी घ्यायची. शोषण थोडे घटते, पण घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. तरीही सोसेना तर एक दिवसाआड. दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतून शोषलेला वाटा वाढतो, कारण हेप्सिडिन तोवर उतरलेले असते. वेळ हाताशी असताना रोजची एक गोळी हा पहिला मार्ग ठेवला.

आतड्यात जाऊनच विरघळणाऱ्या, लेप दिलेल्या गोळ्यांचा प्रश्नही निघाला, कारण त्यांनी पोटाला त्रास कमी होतो. खरे आहे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते. लेप त्या भागापुढे जाऊन उतरला तर त्रास नाही आणि लोहही नाही.

आहाराबद्दल फार वेळ घालवला नाही. मांस-मासे खाणाऱ्यांना त्यातले लोह चांगले मिळते, डाळी आणि पालेभाज्यांतले कमी प्रमाणात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत शरीराला दिवसाला सहा-सात मिलिग्रॅम शोषलेले लोह लागते, आणि रिकामे कोठार तेवढ्यात नुसत्या आहाराने भरत नाही. आहार निगा राखायला पुरतो, तूट भरायला पुरत नाही. एक इशारा मात्र ठासून दिला. रक्त वाढावे म्हणून यकृत खाऊ नये. त्यात अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात इतके असते की ते बाळाला घातक ठरू शकते.

घरातले दुसरे मूल

हा भाग बहुतेक चर्चांत येत नाही, म्हणून वेगळा. घरात दीड वर्षाच्या आतले, चालणारे, हाताला लागेल ते तोंडात घालणारे मूल होते, आणि लोहाच्या गोळ्या उशाशी होत्या. या गोळ्यांना बऱ्याचदा गोड, रंगीत लेप असतो. मुलांमध्ये वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोहापासून विषबाधेची लक्षणे दिसू शकतात, ६० च्या वर जिवाला धोका. दहा किलोच्या मुलासाठी ६५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या पहिल्या मर्यादेशी पोहोचतात, दहा गोळ्या दुसरी ओलांडतात. अर्ध्या पाकिटाइतकेही नाही. फसवे असे की उलट्या-जुलाबांनंतर काही तास मूल बरे वाटू लागते आणि मग अवस्था ढासळते. गोळी गिळल्याची शंका आली की लक्षणांची वाट न पाहता, पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय. गोळ्या वरच्या कुलूपबंद कप्प्यात गेल्या आणि साडेदहाची आठवण फोनच्या गजरावर आली.

अठ्ठाविसावा, मग बत्तिसावा

फेरतपासणी तीन आठवड्यांनी ठेवली. त्याआधी करण्यात फारसा अर्थ नसतो. रक्त पाच लिटर धरले, तर आकडा १ ने वाढायला ५० ग्रॅम नवे हिमोग्लोबिन लागते, म्हणजे १७० मिलिग्रॅम लोह. रोजच्या ६५ पैकी १० ते २० टक्के शोषले गेले तरी तेवढे जमायला दोन ते चार आठवडे जातातच, आणि मधल्या काळात बाळही आपला वाटा काढून घेत असते.

बर्फाची ओढ दहा दिवसांतच गेली होती. ती हिमोग्लोबिनच्या आधी सुधारते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आकडा १०.० आला. तीन आठवड्यांत ०.९. औषध तेच, डोस निम्मा.

बत्तिसाव्या आठवड्यात १०.१.

चार आठवड्यांत जेमतेम ०.१. पुन्हा तेच तीन सूर निघाले, आणि या वेळी सलाइनचा जोर जास्त होता. पुन्हा दिवसाचे घड्याळ मांडले. साडेदहा, फळ, चहा नाही, सगळे जागेवर. मग पाकीट मागितले. ३० गोळ्यांचे पहिले पाकीट एकोणतिसाव्या आठवड्यात संपले होते, आणि दुकानातून आलेले नवे पाकीट वेगळेच होते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लोह, मागे बारीक अक्षरांत फेरस फ्युमरेट ८२ मिलिग्रॅम, कॅल्शियम २०० मिलिग्रॅम आणि बारा जीवनसत्त्वे-खनिजे.

क्षाराचे वजन म्हणजे लोहाचे वजन नव्हे. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के लोह असते, ग्लुकोनेटमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास, वाळवलेल्या सल्फेटमध्ये साधारण ३२. म्हणजे नव्या गोळीत लोह २७ मिलिग्रॅम, आणि त्याला अडवणारे कॅल्शियम त्याच गोळीत सोबत. निरोगी गर्भवतीच्या रोजच्या गरजेपुरती ती गोळी ठीक असेल, उपचाराची ती नव्हे. हा टप्पा चिठ्ठी लिहितानाच बांधता आला असता. नुसते "लोह, रोज एक" असे न लिहिता क्षाराचे नाव आणि प्रत्यक्ष लोहाचे मिलिग्रॅम लिहायचे, आणि पाकीट बदलले तर दाखवायला सांगायचे.

सलाइनमधून लोह द्यायचे का, हा प्रश्न आता गंभीरपणे समोर होता, कारण हाताशी आठच आठवडे उरले होते. हिशेब करून ठेवला: गरोदरपणापूर्वीचे वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. म्हणजे ५२ गुणिले ०.९ गुणिले २.४, अधिक ५००, सुमारे ६१२ मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतच देतात, म्हणजे तीन-चार फेऱ्या झाल्या असत्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजने तेवढे एका बैठकीत होते. दोन्ही पहिल्या तिमाहीत देत नाहीत. दोन्हींनंतर अर्धा तास देखरेखीखाली बसवतात, कारण क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते. गोळी सोसतच नसेल, आतडे शोषतच नसेल किंवा चौतिसाव्या आठवड्यानंतरही आकडा १० च्या खाली असेल, तर हा मार्ग उत्तम, आणि तिथे रेंगाळू नये. ७ च्या खालचा तीव्र रक्तक्षय हे तर रुग्णालयाचेच काम. पण इथे योग्य गोळीने योग्य वेळी तीन आठवड्यांत ०.९ वाढवून दाखवले होते. आतडे काम करत होते. मधे बिघडले होते ते पाकीट.

म्हणून जुनी गोळी परत, आणि रेघ आधीच ठरवलेली: दोन आठवड्यांनी, चौतिसाव्यात, आकडा १०.४ पर्यंतही गेला नाही तर त्याच आठवड्यात सलाइन. तारीख आणि आकडा फाइलवर लिहिला. असे आधी न लिहिता "बघू पुढच्या वेळी" म्हणत सदतिसावा आठवडा गाठणे फार सोपे असते.

चौतिसाव्यात १०.७. सदतिसाव्यात ११.२, एमसीव्ही ८१.

प्रसूती आणि त्यानंतर

एवढा आटापिटा कशासाठी, तर प्रसूतीच्या रक्तस्रावासाठी. रक्तक्षयाने अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो हे आहेच. पण ९ वर प्रसूतीला गेलेली आई आणि ११ वर गेलेली आई यांच्यात लिटरभर रक्त गेल्यावर पडणारा फरक खोलीतल्या प्रत्येकाला दिसतो. मागच्या वेळी ९०० मिलिलिटर गेले होते, म्हणून रुग्णालयात प्रसूती, रक्तगट आणि रक्ताची सोय आधी पाहून ठेवणे, आणि बाळ बाहेर येताच गर्भाशय आकसण्यासाठी ऑक्सिटोसिनची १० युनिट्स, हे आधीच ठरले होते. एकोणचाळिसाव्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती झाली आणि सुमारे ४५० मिलिलिटर रक्त गेले. तेही १७० मिलिग्रॅम लोह. नाळ लगेच न चिमटता एक ते तीन मिनिटांनी चिमटली. त्या अवधीत वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पहिल्या काही महिन्यांच्या लोहाच्या साठ्यात भर पडते.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.३. प्रसूतीनंतरची मर्यादा १० धरतात, त्यामुळे काळजीचे नव्हते. पण मागच्या वेळची चूक नेमकी इथेच झाली होती. या वेळी साडेदहाची गोळी तीन महिने पुढे चालू राहिली. गजर बदलावा लागला, कारण रात्रभर जागलेल्या आईचा नाश्ता आता आठला होत नव्हता. गोळी अकराच्या पुढे सरकली, चहा तिच्यापासून लांबच राहिला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४ आणि फेरिटिन ३४. साठा भरायला सुरुवात झाली आहे, भरलेला नाही. गोळी आणखी तीन महिने, मग पुन्हा फेरिटिन, आणि तिसऱ्या गरोदरपणाचा विचार कधी झालाच तर त्याआधी हाच आकडा पाहायचा, अशी नोंद फाइलच्या पहिल्या पानावर आहे.